मदत हवी आहे : सिरीयल नंबर कधी १०, कधी ११, कधी १२ अक्षरी, ऑडिटवाल्यांना काय उत्तर देऊ?

लॅबवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न किचकट आहे, पण इथे हार्डवेअरवाले आणि ऑडिट कोळून प्यायलेले असे दोन्ही प्रकारचे लोक आहेत, म्हणून इथेच टाकतेय.

मी एका अनुदानित कला महाविद्यालयात संगणक कक्ष सांभाळते. उपयोजित कलेचा विभाग असल्यामुळे आमच्याकडे ॲपलची यंत्रं बरीच. २००९ साली घेतलेले आयमॅक (आता निर्लेखनाच्या वाटेवर), २०१९चे मॅकबुक, २०२१च्या सुरुवातीला घेतलेले आठव्या पिढीचे आयपॅड आणि २०२२मध्ये घेतलेले नवव्या पिढीचे आयपॅड. शिवाय कार्यालयात एचपी आणि डेलचे संगणक. सगळं जडवस्तू नोंदवहीत चढवलेलं आहे आणि तेच एक्सेलमध्येही आहे. ती फाइल माझ्या आधीच्या सरांनी केलेली. सिरीयल नंबर टाकला की शेजारच्या रकान्यांत 'कंपनी' आणि 'निर्मिती वर्ष' आपोआप उमटतं. सर निवृत्त झाले, सूत्र मागे राहिलं.

यंदा ऑडिट पथकाने त्या शीटची प्रिंट मागून घेतली आणि लेखाआक्षेप काढला. जसाच्या तसा देते : "सन २०२२ मध्ये खरेदी केलेल्या टॅबलेट संचांपैकी काही संचांचे निर्मिती वर्ष २०१४ व २०१६ असे दिसून येते. तसेच सन २०२१ मधील संचांचे निर्मिती वर्ष २०१० दिसून येते. जुने साहित्य नवीन दराने खरेदी केल्याबाबत खुलासा करावा."

प्राचार्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पुरवठादार म्हणतो, मॅडम सीलबंद माल दिलाय, बिलं बघा. बिलं आहेत, चलनं आहेत. पण २०२२च्या टॅबचे नंबर खरंच विचित्र आहेत. जुन्या टॅबचे सगळे १२ अक्षरी, हे १० अक्षरी. शीटमध्ये काही ठिकाणी ११ आणि १३ अक्षरीसुद्धा दिसतात. (नोंदी 'कमवा आणि शिका'तल्या मुलांनी भरल्या होत्या, काही हाताने, काही स्कॅनरने.) आणि एक टॅब असा आहे की त्याच्या पडद्यावरचा नंबर नोंदवहीत कुठेच नाही.

माल बनावट असू शकतो का? आणि खुलाशात लिहू काय? उत्तर या महिन्यातच पाठवायचंय.

तात्या_टिंकर

माल बनावट वाटत नाही, सूत्र म्हातारं झालंय. सरांनी नक्की काय लॉजिक लावलंय ते टाका आधी.

लॅबवाली

आत्ता सेल उघडून बघितलं. आधी 'लेन'ने लांबी मोजतंय. १२ किंवा ११ असेल तर ॲपल, १० असेल तर एचपी, ७ असेल तर डेल, बाकी रिकामं. मग 'मिड'ने एक अक्षर उचलतंय. बारा अक्षरी असेल तर चौथं अक्षर एका तक्त्यात शोधतंय, अकरा असेल तर तिसरा अंक २००० मध्ये मिळवतंय, दहा असेल तर चौथा अंक २०१० मध्ये मिळवतंय.

लॅमिंग्टन_रोडकर

झालं, चोर सापडला. ताई, तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी सगळं बरोबर केलं होतं. ते शिकले तेव्हा हे नियम खरे होते. आम्ही सेकंडहँड लॅपटॉपवाले अर्धं आयुष्य याच तक्त्यावर जगलो. सविस्तर लिहितो, कारण खुलाशात हेच लागेल.

ॲपलचा २०१० पर्यंतचा नंबर ११ अक्षरी होता. पहिली दोन अक्षरं कारखान्याची, तिसरा अंक वर्षाचा शेवटचा आकडा, चौथा-पाचवा आठवडा, मग त्या यंत्राची ओळख, शेवटी मॉडेल. तुमच्या आयमॅकच्या नंबरात तिसऱ्या जागी ९ आणि पुढे ३१ असेल तर तो २००९च्या ३१व्या आठवड्यातला. सूत्राचं उत्तर तिथे बरोबरच येणार.

२०१०मध्ये १२ अक्षरी पद्धत आली. पहिली तीन कारखान्याची, चौथं वर्षाच्या सहामाहीचं, पाचवं आठवड्याचं, पुढची तीन त्या यंत्राची, शेवटची चार मॉडेलची. गंमत त्या चौथ्या अक्षरात आहे. सी म्हणजे २०१०ची पहिली सहामाही, डी दुसरी, एफ २०११ची पहिली, असं करत वाय म्हणजे २०१९ची पहिली आणि झेड दुसरी. स्वर वगळलेले, बी पण वगळलेला. वीस अक्षरं, वीस सहामाह्या, दहा वर्षं, आणि तक्ता संपला. पाचव्या जागी १ ते ९ हे पहिले नऊ आठवडे, दहाव्यापासून पुन्हा अक्षरं. दुसरी सहामाही असेल तर त्यात २६ मिळवायचे. तुमच्या एखाद्या मॅकबुकवर चौथं झेड आणि पाचवं ९ दिसलं तर ९ अधिक २६, म्हणजे २०१९चा ३५वा आठवडा, ऑगस्टचा शेवट. खरेदीचं बिल त्याच्या नंतरचंच निघेल, बघा.

झेड झाल्यावर काय? २०२० उजाडलं तेव्हा ते परत सी पासून सुरू झाले. म्हणजे डी हे अक्षर २०१०चंही आणि २०२०चंही. सरांच्या तक्त्यात एकच उत्तर आहे, २०१०. तुमचे आठव्या पिढीचे आयपॅड बाजारात आले सप्टेंबर २०२०मध्ये, त्यांच्यावर डी असणार हे उघड आहे. पहिला आयपॅडच मुळात एप्रिल २०१०मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा आठव्या पिढीचा टॅब २०१०चा कसा असेल? आक्षेपाचा अर्धा भाग इथेच गळला.

आता उरलेला अर्धा. मार्च २०२१मध्ये ॲपलने आपल्या सेवा विभागाला कळवलं की यापुढच्या नव्या उत्पादनांना यादृच्छिक (रँडम) सिरीयल नंबर मिळतील, ८ ते १४ अक्षरांचे, सुरुवातीला १०. त्याच एप्रिलमधल्या जांभळ्या आयफोन १२ पासून तसे नंबर दिसायला लागले. त्यात कारखाना नाही, आठवडा नाही, मॉडेल नाही, काहीच नाही. आधीपासून विक्रीत असलेली मॉडेलं जुन्याच पद्धतीने चालू राहिली, म्हणून काही काळ दोन्ही प्रकार एकाच दुकानात दिसत होते. नववी पिढी २०२१च्या शरदातली, म्हणजे नव्या पद्धतीतली. दहा अक्षरं अगदी बरोबर आहेत.

आणि एचपीचा नंबरही दहाच अक्षरी! त्यांच्यात मात्र पहिली तीन जागा-कारखान्याची, चौथा अंक वर्षाचा, पाच-सहा आठवडा. तुमच्या सूत्राने आयपॅडला एचपी समजून चौथं अक्षर उचललं. ज्या टॅबमध्ये तिथे योगायोगाने ४ होता तो २०१४चा झाला, ६ होता तो २०१६चा. ज्यांच्यात अक्षर होतं तिथे एरर आली असणार.

लॅबवाली

अगदी! बऱ्याच ओळींत '#व्हॅल्यू' आहे. मुलांना वाटलं प्रिंटर खराब. आणि त्या ओळींसमोर कंपनी 'एचपी' लिहून आलीय, ते आजवर कोणी पाहिलंच नाही. ऑडिटवाल्यांनीही नाही.

११ आणि १३ चं मात्र अजून कळलं नाही. ११वाले सगळे आयमॅक नाहीत, काही २०२२चेच टॅब आहेत.

भिवंडीकर

ते माझ्या खात्यातलं. मी गोदामात दिवसभर स्कॅनर घेऊन फिरतो.

खोक्यावरचं लेबल नीट बघा. तिथे कंसात एस आणि पुढे सिरीयल नंबर असं छापलेलं असतं. दुसऱ्या बारकोडपाशी कंसात १पी आणि पार्ट नंबर. हे कंसातलं अक्षर म्हणजे 'पुढे काय येतंय' त्याची खूण, लॉजिस्टिक्सवाल्यांचं प्रमाण आहे ते. छपाईत कंस दिसतो, पण बारकोडमध्ये ते एस नंबराला चिकटून येतं. स्कॅनर बिचारा जे वाचतो ते सेलमध्ये ओततो. १२ चे १३ आणि १० चे ११ असेच होतात. हाताने भरलेल्या ओळी तुम्हाला बरोबर लांबीच्या मिळतील, स्कॅन केलेल्या एकाने जास्त.

आमच्याकडे स्कॅनरच्या सेटिंगमध्येच पहिलं एस गाळायची सोय करून ठेवलीय. पण तुम्ही सरसकट 'एसने सुरू होणारं सगळं कापा' असं सूत्र लावू नका. ॲपलच्या फार जुन्या नंबरांत एसजी म्हणजे सिंगापूरचा कारखाना असायचा, तिथे एस खरंच नंबराचाच भाग. खात्रीचा मार्ग एकच : टॅब चालू करा, सेटिंग्ज, जनरल, अबाउट. तिथला नंबर प्रमाण. नंबरावर बोट दाबून धरलं की कॉपी होतो, टाइप करत बसू नका. ओ आणि शून्य यांच्यात मुलं हमखास गोंधळतात. ॲपलच्या नंबरात ओ नसतो, दिसलं ते शून्यच.

एक्सेलचा एक स्वभाव पण ध्यानात ठेवा. रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या आणि मगच भरा. नाहीतर पुढची शून्यं गायब होतात, आणि मधे एक ई आणि बाकी अंक असा नंबर आला तर एक्सेल त्याला घातांक समजून भलतंच काहीतरी करून ठेवतं. एकदा तसं सेव्ह झालं की मूळ नंबर परत मिळत नाही.

तात्या_टिंकर

डेलचं पण बघून घ्या ताई. त्यांचा सर्व्हिस टॅग (म्हणजे त्यांचा सिरीयल नंबरच) ७ अक्षरी, पण शेजारीच 'एक्स्प्रेस सर्व्हिस कोड' म्हणून दहा-अकरा आकड्यांची संख्या छापलेली असते. ती वेगळी काही नाही, तोच टॅग छत्तीसच्या पायावरून (दहा अंक आणि सव्वीस अक्षरं) दशमानात नेलेला, फोनवर आकडे दाबायला सोपं जावं म्हणून. कोणी टॅगऐवजी ती भरली असेल तर तुमच्या शीटमध्ये डेल पण एचपी किंवा ॲपल होऊन बसलाय. एक्सेलमध्ये 'बेस' नावाचं फंक्शन आहे, संख्या, ३६ आणि ७ दिलं की टॅग परत मिळतो.

लॅबवाली

हाहा, सापडले! कार्यालयातले दोन डेल 'ॲपल' म्हणून नांदतायत. हेडक्लार्क बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या तरीच इतका भाव खातो.

जुना_बाजार

रोडकर साहेब, तुम्ही जरा फारच समजूतदारपणे लिहिलंय. आमच्यासारख्या गिऱ्हाइकाचं नुकसानच झालं की यात. पूर्वी ओएलएक्सवर कोणी "फक्त सहा महिने वापरलेला" म्हटलं की नंबर मागून घरबसल्या खरं-खोटं करता यायचं. आता विकणारा सांगेल ते खरं. कंपनीला तारीख माहीत आहे, गिऱ्हाइकाला नाही. याला काय म्हणायचं?

लॅमिंग्टन_रोडकर

नुकसान झालं हे मान्य. धंद्यात मलाही त्रास झाला, नवा मुलगा शिकवायला ठेवला की पहिल्या दिवशी तो तक्ता हातात द्यायचो. पण खरं सांगू? तो नंबर कारखान्यातून निघाल्याची तारीख सांगायचा, वापर किती झाला ते कधीच सांगायचा नाही. खोक्यात वर्षभर पडून राहिलेला फोनही त्याच्या लेखी जुनाच.

आता आम्ही वेगळ्या गोष्टी बघतो. ॲपलच्या कव्हरेज तपासायच्या पानावर नंबर टाकला की वॉरंटी कुठवर आहे ते कळतं, त्यावरून पहिल्या विक्रीचा अंदाज येतो. आयफोन १५ पासून पुढे तर बॅटरी कधी बनली, पहिल्यांदा कधी वापरली, किती वेळा पूर्ण चार्ज झाली, हे सेटिंग्जमध्येच लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाला खरं तेच हवं असतं. आणि फोन असेल तर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बघाच. तो १५ आकडी तसाच आहे, पहिले आठ मॉडेलचे, पुढचे सहा त्या नगाचे, शेवटचा पडताळणीचा. वय त्यातूनही कळत नाही, पण केवायएम लिहून पुढे नंबर टाकून १४४२२ वर एसएमएस केला की चोरीचा-ब्लॉक केलेला आहे का ते कळतं. ती यंत्रणा २०१९मध्ये आपल्या महाराष्ट्रातच आधी सुरू झाली.

सॅमसंगच्या फोनवर मात्र अजून जुनी रीत चालते. चौथं अक्षर वर्षाचं, पाचवं महिन्याचं. एम २०१९, एन २०२०, आर २०२१, टी २०२२. महिने १ ते ९ आणि मग ए, बी, सी.

सांख्यिकी_मास्तर

ॲपलने कारण जाहीर सांगितलेलं नाही, पण अंदाज अवघड नाही. ओळीने दिलेले नंबर फार बोलके असतात. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी पकडलेल्या जर्मन रणगाड्यांच्या भागांवरचे अनुक्रमांक घेऊन उत्पादनाचा हिशेब मांडला. त्यांचं उत्तर महिन्याला सरासरी २४६. हेरखात्याचा आकडा होता १,४००. युद्ध संपल्यावर जर्मन कागदपत्रांत निघाले २४५. आमच्या एम.एस्सी.च्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतो की मग जर्मनांनी नंबर उलटसुलट का नाही टाकले.

दुसरं म्हणजे नियम ठाऊक असला की खरे वाटणारे खोटे नंबर रचता येतात आणि वॉरंटीचे खोटे दावे लावता येतात. नियमच काढून टाकला की तो मार्ग बंद. माझ्या मते ग्राहकासाठी बनावटीची तारीख खोक्यावर स्पष्ट शब्दांत असावी. सांकेतिक लिपी वाचायला शिकणं हे काही ग्राहकाचं काम नव्हे.

माजी_लेखापरीक्षक

मास्तर, ती असते. लीगल मेट्रॉलॉजीच्या (वजनमापांच्या कायद्याच्या) २०११च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांनुसार वेष्टनावर निर्मितीचा महिना आणि वर्ष लागतं (पूर्वी आयातीचाही चालायचा), एमआरपीच्या त्या पांढऱ्या स्टिकरवर बघा.

लॅबवाली, बाळा, आता तुझ्या खुलाशाकडे येऊ. इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून असे आक्षेप लिहिले आहेत, म्हणून सांगतो. ऑडिटवाल्याला ॲपलचा इतिहास नको असतो, त्याला कागद हवा असतो. अनुपालन अहवालात, म्हणजे या खुलाशात, रणगाडे वगैरे अजिबात घालू नकोस. एवढंच लिही की शीटमधला 'निर्मिती वर्ष' हा रकाना खरेदीच्या अभिलेखांवर आधारित नसून सूत्राने काढलेला अंदाज आहे, उत्पादकाने २०२१पासून अनुक्रमांकाची रचना बदलल्यामुळे तो लागू पडत नाही, आणि संबंधित मॉडेलच मुळात सप्टेंबर २०२१मध्ये बाजारात आलं असल्याने २०१४ किंवा २०१६ हे वर्ष संभवत नाही. हा शेवटचा मुद्दा सर्वांत भारी आहे. याच्यावर पुढे प्रश्न विचारता येत नाही. २०२१च्या संचांसाठीही तोच, सप्टेंबर २०२० लिहून.

सोबत बिल, चलन, खोक्यावरच्या स्टिकरचे फोटो (खोकी ठेवली असतील तर), प्रत्येक टॅबच्या अबाउट पानाचा स्क्रीनशॉट, आणि कव्हरेजच्या पानाची प्रिंट. स्क्रीनशॉटवर नोंदवहीचं पान आणि अनुक्रमांक हाताने लिहून प्राचार्यांची सही घे.

आणि तो रकाना उडव. नोंदवहीला खरेदी दिनांक, बिल क्रमांक, किंमत, नग एवढं पुरतं. सिरीयल नंबर ओळख पटवायला असतो. त्याची जन्मपत्रिका मांडायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मागितलेलं नसताना दिलेली माहिती हीच बहुतेक आक्षेपांची आई असते.

आता तो बेवारस टॅब. तो कधी दुरुस्तीला गेला होता का?

लॅबवाली

काका, तुम्ही म्हणजे कमाल आहात. खोकी माळ्यावर आहेत, सगळी नाही पण बरीच. आज स्टिकर बघितले, सगळ्यांवर महिना-वर्ष आहे आणि सगळं बिलाशी जुळतंय.

टॅबचं म्हणाल तर एका मुलाच्या हातून पडून स्क्रीन फुटली होती खरी. सर्व्हिस सेंटरला देऊन आणला. पण आणला तो तोच होता असं सगळे समजून चाललेत.

लॅमिंग्टन_रोडकर

तो 'तोच' नसणार. आयपॅड सहसा उघडून दुरुस्त करत नाहीत, बदलून देतात. अबाउटमध्ये मॉडेल नंबर बघा, पहिलं अक्षर काय आहे? आमच्या धंद्यातला ठोकताळा असा की एम म्हणजे दुकानातून नवा, एफ म्हणजे कंपनीने नूतनीकरण केलेला, पी म्हणजे नाव कोरून घेतलेला, आणि एन म्हणजे बदली दिलेला. शेवटी एचएन असेल तर भारतातल्या विक्रीचा.

लॅबवाली

एन!!

माजी_लेखापरीक्षक

मग सर्व्हिस रिपोर्ट शोध, त्यावर जुना आणि नवा दोन्ही नंबर असतात. सापडला नाही तर सेंटरकडून दुय्यम प्रत माग, मेलवर चालेल. नोंदवहीत जुना नंबर खोडायचा नाही. शेराच्या रकान्यात 'बदली संच प्राप्त', नवा नंबर, रिपोर्टचा क्रमांक-दिनांक आणि सही. व्हाइटनर लावलास तर पुढच्या वर्षी वेगळा आक्षेप येईल, आणि तो मी असतो तर मीही लिहिला असता.

लॅबवाली

रिपोर्ट जुन्या फायलीत मिळाला, बिलाच्या मागे टाचलेला. खुलाशाचा मसुदा प्राचार्यांकडे दिलाय. शीटमधून दोन्ही रकाने काढले, आता कंपनी हाताने निवडायची आणि तारीख बिलावरून. सरांनाही फोन केला होता. ते म्हणाले, "झेडनंतर काय करतात याची मला उत्सुकता होतीच."

पुणे_भाडेकरू

धागा हायजॅक करतोय, माफी. घरमालक म्हणतात फ्लॅटमधला फ्रिज "नवाच" आहे आणि त्यासाठी डिपॉझिट वाढवून मागतायत. एलजीचा आहे, सिरीयल ३०८ने सुरू होतो. कळेल का काही?

भिवंडीकर

एलजीत पहिला आकडा वर्षाचा, पुढचे दोन महिन्याचे. ऑगस्ट नक्की. पण २०१३चा ऑगस्ट की २०२३चा, ते नंबर सांगणार नाही. दारावर ताऱ्यांचं वीजबचतीचं लेबल असेल, त्यावर कालावधी छापलेला असतो. ते खरवडून काढलेलं असेल तर डिपॉझिट वाढवू नका.